हमीदाखालांचा सत्कार

या फोरमवरचे गूढ अनुभव मी गेली सहा-सात वर्षं वाचतोय. वाचतोय म्हणजे... खोडून काढायला वाचत होतो. जुन्या सभासदांना माझ्या कमेंट्स आठवत असतील. ‘झोपेचा पक्षाघात, गूगल करा.’ ‘योगायोग. पुढे.’ एका बाईंनी लिहिलं होतं की मिस्टर गेल्यावर महिनाभर सकाळी बाथरूममधून त्यांच्या खाकरण्याचा आवाज यायचा. त्यांना मी लिहिलं होतं, ‘प्लंबर बोलवा.’ लाइक्सचा पाऊस पडला होता त्यावर. त्या बाई नंतर इथे कधी दिसल्या नाहीत.

तर तो मीच. दुसरा आयडी काढून लिहावं असं दोनदा मनात आलं. पण मग लिहिण्यात अर्थ राहिला नसता.

मी नाशिकचा. अंबडला एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये नोकरी करतो. कारखान्यांतली मोजमापाची उपकरणं आमच्याकडे येतात — प्रेशर गेज, मायक्रोमीटर — आणि ती किती खोटं बोलतात ते आम्ही सही-शिक्क्यानिशी लिहून देतो. भूत, करणी, दृष्ट, यातलं काही मी कधी मानलं नाही. घरातला देव्हारा बायकोचा, वैशालीचा. मी फक्त त्याचा बल्ब बदलतो. रविवारी आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप शाळांमध्ये, सोसायट्यांच्या हॉलमध्ये चमत्कारांमागचं विज्ञान दाखवणारे कार्यक्रम करायचा. जिभेवर पेटता कापूर, नारळातून निघणारे केस, असले प्रयोग. ते काम चांगलंच होतं, आजही तेच म्हणेन. कावीळ उतरवायला नेलेल्या एका मुलीला आम्ही वेळेत दवाखान्यात पोचवलंय. ती आता कॉलेजात जाते.

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर शकील बसतो. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, हात अतिशय स्थिर. एकदा डबा खाताना तो सहज बोलून गेला की त्याची खाला — आईची थोरली बहीण — हरवलेल्या वस्तू सांगते. जुन्या नाशकात राहते, रजया आणि गोधड्या शिवते. कुणाची शेळी, कुणाचं कानातलं, कुणाचे घराचे कागद. लोक येतात, त्या वस्तूशी संबंधित काहीतरी हातात देतात, ती सांगते. कुणाकडून काही घेत नाही.

“किती टक्के बरोबर येतं?” मी विचारलं.

शकील हसला. “सर, टक्के कोण मोजतंय? सापडलं की लोक पेढे घेऊन येतात, नाही सापडलं की येत नाहीत.”

“मग मोजू या की,” मी म्हणालो.

इथून पुढचं लिहायला मला जड जातंय. सिडकोतल्या एका हॉलमध्ये आमचा मोठा कार्यक्रम ठरला होता. हमीदाखाला चाचणीला येणार नाहीत हे मला कळत होतं. म्हणून मी शकीलला सांगितलं की त्यांचा सत्कार करायचाय — हाताने गोधड्या शिवणाऱ्या, गल्लीतल्या बायकांना कला शिकवणाऱ्या कष्टाळू बाई म्हणून. शकीलला खरं वाटलं. का नाही वाटणार? रोज आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खात होतो.

त्या आल्या त्या नवी ओढणी घेऊन. साठीच्या पुढच्या, बुटक्या, डाव्या हाताच्या बोटावर सुईचे काळे ठिपके. बरोबर एक लहानशी दुपट्यासारखी गोधडी आणली होती, दाखवायला. बालपण सिन्नरकडच्या खेड्यात गेलेलं, त्यामुळे त्यांचं मराठी तिकडचं.

शाल-नारळ दिला. टाळ्या झाल्या. आणि त्या खाली उतरायला लागल्या तेव्हा मी माईकवर म्हणालो, “खाला, एक मिनिट. तुमची आणखी एक कला आहे म्हणे.”

टेबलावर स्टीलचे पाच डबे मांडले. त्यातल्या एकात मी माझी लग्नातली अंगठी ठेवली होती. कुठल्या डब्यात आहे ते मलाही माहीत नव्हतं, सहकाऱ्याने अदलाबदल केली होती. चाचणी अगदी शास्त्रशुद्ध. त्यांनी एकेका डब्यावर हात ठेवला. समोर दीड-दोनशे माणसं. हात थरथरत होता, आम्ही काढलेल्या व्हिडिओत तो दिसतो. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “भाऊ, हे हरवलेलं नाय. हे तुमी ठेवलंय. ठेवलेलं मला नाय दिसत.”

मी माईक त्यांच्या तोंडाजवळ नेऊन ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. आणि मग म्हणालो, “बघा! म्हणजे परीक्षेचा पेपर समोर आला की यांच्याकडे लोडशेडिंग!”

हॉल हसून हसून फुटला. शेवटी त्यांनी एका डब्याकडे बोट केलं. तो रिकामा निघाला. पुन्हा हशा. त्यांनी शाल काढली, नीट चौकोनी घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि ओढणी सावरत पायऱ्या उतरून गेल्या. मागच्या रांगेत शकील उभा होता. त्याच्या तोंडाकडे मी पाहिलं नाही.

तो व्हिडिओ आमच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त पाहिला गेला. शकीलने दुसऱ्या दिवशी डबा घेऊन बाहेर, झाडाखाली जाऊन खाल्ला. त्यानंतर तो माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायचा. मी स्वतःला सांगितलं, सत्य कडू असतं, होईल सवय.

साधारण दीड वर्षानंतरची गोष्ट. एप्रिल. माझे वडील, अण्णा, वय एक्क्याऐंशी. ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य गेलेलं. दोन वर्षांपासून विसरायला लागले होते — आधी चष्मा, मग दिवस, मग मी. सकाळी दहाच्या सुमाराला वैशाली गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि अण्णा दार उघडून बाहेर पडले. आम्ही इंदिरानगरला राहतो. सोसायटीच्या कॅमेऱ्यात ते कोपऱ्यापर्यंत दिसतात, पायात घरातल्या सपाता, चष्मा नाही. त्यानंतर कुठेच नाहीत.

पोलिसांत तक्रार दिली, त्यांनी बिचाऱ्यांनी धावपळही केली. आम्ही पहिल्यांदा ओझर गाठलं. त्यांना अधूनमधून ‘शिफ्टला उशीर होतोय’ असं वाटायचं. कारखान्याच्या गेटवर फोटो दाखवला... नाही. सीबीएस आणि ठक्कर बाजारचे बसस्टँड, पंचवटीचे घाट, सिव्हिल हॉस्पिटल. ‘हरवले आहेत’ असे कागद छापून ग्रुपमधल्या मित्रांनी अर्ध्या शहरात चिकटवले. ऊन असं की दुपारी डांबराला चप्पल चिकटत होती. बीपीची गोळी चुकलेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर मित्राला विचारलं, पाण्याशिवाय या वयात किती काळ... तो म्हणाला, शोधत राहा.

तिसऱ्या दिवशी सकाळी वैशालीने अण्णांच्या चष्म्याची डबी पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, “मी शकीलभाऊंना फोन केलाय. खाला घरीच आहेत. तुम्ही येणार नसाल तर मी एकटी जाते.”

मी काय केलं? मी तिला गाडीवर बसवून घेऊन गेलो — आणि गल्लीच्या तोंडाशी थांबलो. ‘तू जा आत, मी इथे आहे,’ म्हणालो. कारण काय, तर कुणी ओळखीचं पाहिलं तर! बाप दोन दिवस उपाशी कुठेतरी पडलाय आणि मी हेल्मेट न काढता उभा आहे. हे मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही.

पाच मिनिटांत वैशाली परत आली. “बोलावलंय तुम्हाला. म्हणाल्या, ते उन्हात उभे हायत, त्यांना सावलीत या म्हनाव.”

आता हे काही विशेष नाही, मी त्याच क्षणी स्वतःला समजावलं. नवरा बाहेर असणार हा अंदाज कुणीही बांधेल. शकीलनेही सांगितलं असेल.

खोली दहा बाय दहाची. कापसाची एक उघडी गादी जमिनीवर, त्यात सुई टोचलेली. खालांनी मला बसायला सांगितलं. हॉलबद्दल एक अक्षर नाही. नजरेतही काही नाही, आणि तेच सहन होत नव्हतं. त्यांनी चष्म्याची डबी दोन्ही हातांत धरली आणि डोळे मिटले वगैरे काही नाही, खिडकीकडे बघत राहिल्या. भाजी निवडताना आपण बघतो तसं.

“हे हरवले नायत,” त्या म्हणाल्या. “कामाला गेलेत.”

“ओझरला बघितलं आम्ही,” मी म्हणालो.

“ओझर नाय. तिंबकच्या रस्त्याला. बसचा सांगाडा हाय, चाकं नाय त्याला. त्यात बसलेत. पत्रा लय तापलाय...” मग थोडं थांबून, “पानी टिपटिप पडतंय जवळ. प्यालेत ते. हात काळे झालेत त्यांचे. मधूला हाक मारतायत.”

“मधू कोण?”

“मला काय ठावं, भाऊ? तुमच्या घरचा असंल.”

आमच्या घरात, नात्यात, शेजारी, कुणी मधू नाही. मी वैशालीकडे पाहिलं. ती ‘हरवले आहेत’च्या एका कागदाच्या पाठीवर हे सगळं लिहून घेत होती. तो कागद माझ्याकडे आहे. त्र्यंबक रोड, बस चाकं नाहीत, पाणी, हात काळे, मधू. तिच्या अक्षरात, निळ्या पेनने. आम्ही त्या खोलीतून निघायच्या आधी लिहिलेला.

सातपूरच्या पुढे आम्ही रस्त्याच्या दोन्ही कडा बघत निघालो. मी मनात हिशेब करत होतो — नाशिकमधून बाहेर पडणारे मोठे रस्ते पाच-सहा, म्हणजे एक रस्ता बरोबर येण्याची शक्यता अमुक. मोडक्या गाड्या तर सगळ्याच रस्त्यांना. असं करत अंजनेरीच्या अलीकडे आलो. डाव्या हाताला एक नर्सरी, तिच्या मागे बंद पडलेलं गॅरेज. गॅरेजच्या आवारात, गवतात, एका बसचा सांगाडा विटांवर ठेवलेला. चाकं नव्हती.

वैशाली गाडी थांबायच्या आत उतरली.

अण्णा ड्रायव्हरच्या सीटमागे खाली बसले होते. ओठ फुटलेले, सपाता नाहीत, पायाला फोड. जुन्या इंजिनाच्या कव्हरजवळ काहीतरी उकलायचा प्रयत्न केला असावा, कारण दोन्ही हात कोपरापर्यंत ऑइलने काळे. नर्सरीच्या टाकीचा कॉक गळत होता, त्याखाली एक डबकं झालं होतं आणि डबक्याच्या चिखलात त्यांच्या अनवाणी पावलांचे ठसे. जाऊन-येऊन. नर्सरीचा माणूस म्हणे सकाळी फक्त मोटर चालू करायला यायचा, तेही पुढच्या बाजूने.

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसलो. “अण्णा...”

त्यांनी माझ्याकडे ओळख नसल्यासारखं बघितलं. मग जरा चिडून म्हणाले, “मधू, पाना कुठे ठेवलास?”

ज्यांना कारणं हवीत — मलाही हवी आहेत — त्यांच्यासाठी सांगतो. अण्णांची चुलतबहीण, वय पंच्याऐंशी, सटाण्याला असते. तिला फोनवर विचारलं. ती म्हणाली, “मधू? अरे, अण्णा ओझरला लागायच्या आधी वर्षभर एका गॅरेजात हेल्पर होता ना. तिथला त्याचा जोडीदार मधू. तुझ्या आईलासुद्धा माहीत नसेल.” ते गॅरेज कुठलं? तिला आठवत नाही. तेच असेल का? आवाराच्या मालकाला विचारलं, त्याने ती जागा अलीकडे घेतलेली. अण्णा तिथवर कसे पोचले? सिटी बसने असतील, कुणी लिफ्ट दिली असेल. कळलं नाही. शकीलला मधू माहीत असण्याची शक्यता? शून्य. अण्णा आणि खाला कधी भेटले होते? नाही. मी पुन्हा पुन्हा तपासलंय. एकच निरीक्षण म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कुणी शिकवायला नको. तरी तो कागद काढून बघितला की माझ्या शास्त्राची बोलती बंद होते.

अण्णा आठवडाभर सलाइनवर होते. वाचले. आता दाराला कडी वरच्या बाजूला लावलीय.

आणि आता माझं. अण्णा सापडले त्याच दिवशी दुपारी, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून मी आमच्या कार्यक्रमवाल्या ग्रुपवर लिहिलं: ‘अण्णा सापडले. एका रिक्षावाल्याने पोस्टर पाहून कळवलं. सर्वांचे आभार.’ लगेच हात जोडलेले, टाळ्यांचे इमोजी. कुणीतरी लिहिलं, त्या रिक्षावाल्याचा सत्कार करायला हवा! मी लिहिलं, तो नाव सांगायला तयार नाही. असा रिक्षावाला नव्हताच.

वैशालीने तो मेसेज वाचला. संध्याकाळी एकटीच बसने पेढे घेऊन खालांकडे जाऊन आली.

त्यानंतर चार महिन्यांनी आमचा पुन्हा एक कार्यक्रम, एका शाळेत. पडद्यावर तोच व्हिडिओ लावला. तेच डबे, तोच थरथरता हात, माझा तोच विनोद. मुलं हसली. शेवटी नववीतल्या एका मुलीने उभं राहून विचारलं, “सर, तुमच्या स्वतःच्या आयुष्यात असं काही झालंय का, ज्याचं उत्तर तुम्हाला सापडलं नाही?”

मी म्हणालो, “नाही, बेटा.”

ती ‘थँक्यू सर’ म्हणून खाली बसली. आयुष्यभर मी खोटी मापं पकडत आलो...

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये शकीलच्या टेबलाशी गेलो आणि त्याला म्हणालो, मला खालांना भेटायचंय. त्याने गेज खाली ठेवलं. “कशाला? अजून काय हरवलंय?” त्याला चिडायचा हक्क होता. मी म्हणालो, माफी मागायचीय. त्याने गेज परत उचललं. “मग मला कशाला विचारता? घर माहीत आहे तुम्हाला.”

या वेळी गल्लीत गाडी आतपर्यंत नेली.

खाला दारातच बसून दोरा ओवत होत्या. दोरा जाईना, म्हणून सुई माझ्याकडे दिली. मी ओवून दिली. मग सगळं सांगून टाकलं — सत्कार हा बहाणा होता, शकीलला काही माहीत नव्हतं, अण्णा सापडल्यावर मी रिक्षावाल्याची थाप मारली, शाळेत व्हिडिओ दाखवला, मुलीला खोटं सांगितलं. म्हणालो, “खाला, मी चुकलो. तुम्हाला खरंच दिसतं. मी स्टेजवर, सगळ्यांसमोर सांगायला तयार आहे.”

त्या गोधडीवर टाका घालत होत्या. टाका पुरा केला.

“स्टेज नको, भाऊ. एकदा झालं ते बास झालं.” मग म्हणाल्या, “आन मला बी कुठं समदं दिसतं? दहा जण आले तर चौघांचं सापडतं. मला बी कळत नाय कसं ते. मी कवा म्हनलं होतं मला समदं येतं?”

खरंच, त्या तसं कधीच म्हणाल्या नव्हत्या.

“तुमी माझी परीक्षा घेतली, त्याचं काय नाय. पर मला नवी ओढणी घ्यायला लावली, बहिणीला, तिच्या सुनांना समद्यांना सांगायला लावलं, सत्कार हाय म्हनून...” आवाज अजिबात चढला नव्हता. “एक सांगा. तुमचे वडील नसते सापडले त्या बसमंदी, तर तुमी आज माफी मागाया आले असते का?”

मी काही बोललो नाही. त्यांनीही उत्तराची वाट बघितली नाही. आतल्या सुनेला चहा टाकायला सांगितलं. चहा झाला, मी प्यायलो, उठलो. निघताना त्या म्हणाल्या, “अण्णांना जपा. पायात चांगली चप्पल द्या.”

व्हिडिओ मी काढायला लावला, पण तो लोकांच्या फोनमध्ये आहेच, अजूनही कुठून कुठून फिरून येतो. ग्रुपवर खरं लिहिलं. दोघांनी फोन करून विचारलं, बरा आहेस ना, झोप होते का. एकाने ‘योगायोग. पुढे’ असं लिहिलं. माझेच शब्द. त्याला मी दोष देत नाही. कार्यक्रम मी अजून करतो. कापूर जिभेवर ठेवतो, कावीळ झाली तर दवाखान्यात जा असं घसा फोडून सांगतो. फक्त कुणाला स्टेजवर बोलवत नाही. शकील डबा आता परत टेबलावर उघडतो. अजून माझ्या डब्यातलं घेत नाही.

ज्या बाईंना मी प्लंबर बोलवायला सांगितलं होतं, त्या हे वाचत असतील तर — माझं चुकलं. तो आवाज कशाचा होता ते मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं.

हमीदाखालांना ती बस कशी दिसली, मधू कुठून ऐकू आला, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही, आणि बहुतेक कधी असणार नाही. त्यांनी दारात बसून जे विचारलं, त्याचं उत्तर मात्र मला तिथल्या तिथे माहीत होतं. म्हणून तर तोंडातून शब्द फुटला नाही.

नसतो आलो.